कुंकू लागलेली पट्टी

सायलीचा फोन आला तेव्हा मी कोपर स्टेशनबाहेर भाजी घेत होते. "काकू, मॅडम गेल्या," एवढंच ती म्हणाली. पालकाची जुडी हातात तशीच राहिली... आजार माहीत होता, तरी अरुणा इतक्यात जाईल असं वाटलं नव्हतं.

अरुणा माझी शेजारीण, माजिवड्याजवळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात प्राध्यापक. सायली तिची लाडकी विद्यार्थिनी. वेगाने धावणाऱ्या वस्तूला हवा घासून जाते तेव्हा बारीक बारीक भोवरे उठतात आणि तिला मागे ओढतात. भोवरा उठताक्षणी ओळखणारे कणीएवढे सेन्सर आणि लगेच उचलून तो मोडणाऱ्या इवल्या झडपा, अशी एक पट्टी अरुणाने वर्षानुवर्षं खपून केली होती. ही ओढ कमी झाली तर विमानाला इंधन कमी लागेल, म्हणायची. भोवरे समजावायला ती माझा चहा ढवळत बसायची आणि तो गार करून ठेवायची.

गेल्या दसऱ्याला तिने घोळ घातला. घरात विळीपासून कात्रीपर्यंत सगळ्याची पूजा करणारी ही बाई प्रयोगशाळेतही तेच करायची. एरवी कुंकवाचं बोट पट्टीच्या कडेला लागायचं, त्या दिवशी औषधांच्या गुंगीत हळदकुंकू थेट मधोमध वाहिलं. पूड आत गेली, निम्मे सेन्सर बंद. नवी पट्टी व्हायला जेवढा वेळ लागला असता तेवढा तिच्याकडे उरला नव्हता आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोन दिवस तिने दार लावून घेतलं. मग एका संध्याकाळी तिच्या गॅलरीतून हसू ऐकू आलं. तिने सायलीला बोलावून घेतलं, मी तिथेच होते.

"आपल्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे काय शिजतंय हे शेजारणीला कळतंच ना?" अरुणा म्हणाली. "मग बंद पडलेल्यांचं त्यांच्या शेजाऱ्यांना विचार."

शेजारच्या चालू सेन्सरवरून बंद सेन्सरच्या जागचा भोवरा ओळखायचा, असं गणित सायलीने नव्याने मांडायला घेतलं. निकाल पाहायला अरुणा थांबली नाही, याचा मला अजून राग येतो.

परवा सायली मला कॉलेजात घेऊन गेली. जुन्या पट्टीसमोरचा पंखा सुरू केला, ओढीचा आकडा दाखवला. "काकू, ओढ खरंच कमी झाली. निम्मे बंद असून पण. आता नवीन पट्टीत मुद्दामच कमी सेन्सर लावणार."

जुनी पट्टी पुसायची नाही, असं प्रयोगशाळेतल्या मुलांनी ठरवलंय. मधोमध ते कुंकू अजून लालबुंद आहे. येत्या दसऱ्याला नव्या पट्टीचीही पूजा होणार आहे. कुंकू मात्र टेबलाच्या पायाला लावायचं.