अडीच एकरांचा कायदा

देशाचा कायदा लिहायला किती माणसं बसली होती ते मला सांगता येणार नाही, पण करकंबच्या शिवारातल्या अडीच एकर डाळिंबाचा कायदा माझ्या मावससासूबाईंनी एकटीनं केला आणि त्यात आजवर कोणालाही, खुद्द मावससासऱ्यांनाही, पळवाट सापडलेली नाही. हा कायदा विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेला आहे. कायदा त्यांचा, अक्षर माझं. मी सोलापुरात शाळेवर चित्रकला शिकवतो. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा जावयाला कपडे करतात तसं काही होईल अशी माझी अपेक्षा होती. मावशींनी माझ्या हातात ब्रश ठेवला. "जावईबापू, तुमचं अक्षर मोत्यावानी हाय म्हनं. जेवान व्हायला येळ हाय, तवर चार वळी काढा की." त्या चार ओळींचे पुढे एकवीस नियम झाले. मी जाईन तेव्हा भिंतीला एखादी दुरुस्ती वाट पाहत असायचीच.

हे सगळं कशासाठी, तर शिकायला येणाऱ्या पोरींसाठी. शेतकी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलींना काही महिने खेड्यात राहून एखाद्या शेतकऱ्याच्या हाताखाली काम शिकावं लागतं. गावात त्यांना कृषिकन्या म्हणतात. बहुतेक शेतकरी त्यांना पहिल्या दिवशी चहा पाजतात, शेवटच्या दिवशी वहीवर सही देतात आणि मधल्या दिवसांत त्या आहेत हेच विसरून जातात. काही जास्त हुशार असतात, ते फुकटचे हात मिळाले म्हणून त्यांना खुरपणीला जुंपतात. मावशींना दोन्हीची चीड. चौथी शिकलेल्या या बाईचं म्हणणं असं, की शिकायला आलेलं माणूस पाहुणा नव्हे आणि गडीही नव्हे, ते तिसरंच काहीतरी आहे आणि त्याला वेगळे नियम पाहिजेत.

पहिला नियम, आल्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही, फक्त अनवाणी बांधावरून फिरायचं. एक मुलगी भारीतले बूट घालून आली होती, ते बूट मावशींनी चार महिने कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवले आणि जाताना पुसून परत दिले. दुसरा नियम असा, की एखादं काम येईपर्यंतच करायचं. आलं, की थांबायचं. एकदा माळशिरसकडची एक शेतकऱ्याचीच पोर आली, तिनं सकाळच्या प्रहरात तीन ओळी खुरपून काढल्या आणि कौतुकाच्या आशेनं मावशींकडे पाहिलं. मावशींनी खुरपं काढून घेतलं. "तुला येतंय की हे. मग पुढचं खुरपनं म्हंजी रोजानं येनाऱ्या बाईच्या प्वाटावर पाय. जा, न येनारं काय तरी कर." आणि तिला करकंबच्या बाजारात वांगी विकायला बसवलं. पोरगी इतकी लाजरी, की पहिल्या तासात तिनं तीन गिऱ्हाइकांना शेजारणीकडे पाठवलं. संध्याकाळपर्यंत मात्र ती ओरडून भाव सांगायला लागली होती.

फोटोचा नियम तर कॉलेजातही गाजला. कुदळ हातात घेऊन फोटो काढायचा असेल तर आधी तळहात दाखवायचा. फोड आला असेल तर फोटो, नसेल तर कुदळ खाली. आणखी एक नियम असा, की रोज प्रत्येक मुलीनं मावशींना एक प्रश्न विचारायचा आणि मावशींनी तिला एक. "गांडूळ झोपतं कवा?" या मावशींच्या प्रश्नावर एका मुलीनं थेट आपल्या सरांना फोन लावला होता, आणि सरांनी ते अभ्यासक्रमात नाही असं सांगितलं होतं. मावशी आठवडाभर प्रत्येकाला ते उत्तर ऐकवत होत्या. पोरींना चुलीपाशी बोलवायचं नाही, त्या शेत शिकायला आल्यात, भाकरी थापायला नव्हे, हाही एक नियम. त्यामुळे सकाळचा चहा मावससासऱ्यांच्या गळ्यात पडला. ते गरीब गृहस्थ एकदा मला म्हणाले, "मी बी शिकाऊच हाय की, पस्तीस वर्सं झाली. मलाबी ते नियम लावा म्हनावं." मी ही मागणी वर पोचवली. ती फेटाळली गेली.

पण सगळ्यात कडक नियम वहीचा. मुलींना रोजनिशी लिहावी लागते, आणि ती बहुतेक ठिकाणी कशी लिहिली जाते हे मी मास्तर असल्यामुळे मला चांगलं ठाऊक आहे. मावशींच्या इथे जे केलं तेच लिहायचं. काही केलं नसेल तर 'आज काही केले नाही' असं लिहायचं. रविवारी सकाळी मुलींनी ओट्यावर बसून आठवड्याची वही मोठ्यानं वाचायची, मग मावशी सही करणार. ती सही करायला त्यांना पाच मिनिटं लागतात, कारण प्रत्येक अक्षर त्या आधी मनाशी म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी आलेल्या मुलींत तबस्सुम होती. सोलापूरच्याच शुक्रवार पेठेतली, वडील टेम्पो चालवतात, घरची शेती मोजायची तर गॅलरीत तेलाच्या डब्यात लावलेला पुदिना. हुशार, बडबडी, आणि मनानं फार हळवी. बैलाच्या मानेवर माशी बसली तरी हिचा जीव कासावीस. मावशींना ती पहिल्या दिवसापासून आवडली होती, पण आवडलेल्या माणसाशी जास्त तुसडेपणानं वागायचं हा त्यांचा भिंतीवर न लिहिलेला नियम आहे.

ते दिवस ताणाचे होते. डाळिंबाला बहार धरायचा तर आधी महिना-दीड महिना पाणी तोडावं लागतं, त्यालाच ताण म्हणतात. झाडं पिवळी पडतात, पानं गाळतात, आणि मग पाणी सोडलं की फुलांनी भरून जातात. मध्येच पाणी मिळालं तर झाड खुशाल पालवी फोडतं आणि फुलायचं विसरतं. म्हणून भाद्रपदात अख्खा तालुका आभाळाकडे डोळे लावून बसलेला असताना आमच्या मावशी एकट्या पाऊस पडू नये म्हणून देवाला हात जोडतात. सोलापूर जिल्ह्यात असं मागणं बहुधा देवालाही नवीन असावं.

त्या रविवारी मी गेलो होतो. चहा झाला, वाचन सुरू झालं. तबस्सुमनं मंगळवार वाचला, बुधवार वाचला, आणि गुरुवारी तिचा आवाज बारीक झाला. "दुपारी वांग्यांना पाणी चालू असताना डाळिंबाच्या विहिरीकडच्या चार ओळींच्या पाइपाचा कॉक उघडला. झाडे फार पिवळी पडली होती. कीव आली." शुक्रवारीही तेच. शनिवारीही तेच. ही तीच मुलगी, जिनं परीक्षेत ताणावर पाच मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. मी तिला नंतर विचारलं तेव्हा ती म्हणाली, "सर, उत्तरात पानं गळतात एवढंच होतं. गळताना बघायचं नव्हतं."

मावशी उठल्या, बागेत गेल्या. आम्ही मागून. बारा ओळींपैकी आठ ओळी उन्हात पिवळ्या पडून उभ्या होत्या आणि विहिरीकडच्या चार ओळींच्या शेंड्यांना तांबूस कोवळी पालवी फुटू लागली होती. दिसायला फार सुंदर दिसत होती, आणि त्यातच सगळं आलं. वर्षाच्या पिकाचा तिसरा हिस्सा गेला होता. मावशींनी एक पान बोटांत धरलं, सोडलं, आणि म्हणाल्या, "जेवून घ्या पोरींनो."

खरी भीती पुढे होती. कॉलेजचे सर बुधवारी तपासणीला येणार होते, आणि यजमान शेतकऱ्याचं नुकसान केलं तर त्या मुलीचं सत्र रद्द, असा कॉलेजचा नियम. सत्र रद्द म्हणजे वर्ष गेलं. घरी धाकट्या दोन बहिणी, वडिलांनी हिच्या शिक्षणासाठी टेम्पोवर रात्रीच्या खेपा वाढवलेल्या, हे सगळं तिनं रडत रडत सांगितलं. तिची जोडीदारीण म्हणाली पानं फाडून टाकू. मी मास्तर माणूस, जरा अदबीनं तेच म्हणालो, नवीन वही आणून देतो, लिहून काढ. मावशी माझ्यावर अशा भडकल्या की इतक्या वर्षांचं 'जावईबापू' एका क्षणात गळालं. "पोरीनं खरं लिवलं त्येची ही शिक्षा? मास्तर हायसा का कोन तुमी?" मी मान खाली घातली. अजूनही ते आठवलं की मला लाज वाटते.

बुधवारी मी रजा टाकून गेलो. सर आले. सज्जन होते, पण फॉर्मला भिणारे. त्यांनी वही वाचली, चष्मा काढला, पुन्हा लावला. "आजी, हे तर नुकसान आहे. मला तसं कळवावं लागेल."

"कळवा की. पर तुमचा नियम हाय तसा माजाबी हाय. या, वाचा."

त्या त्यांना मोटारीच्या खोलीपाशी घेऊन गेल्या. सरांनी एकवीस नियम वाचले. एकविसावा होता, 'जे सांगितले नाही त्याची चूक सांगणाऱ्याची.'

"ह्यात कुटं लिवलंय, ताणाच्या बागंला पानी सोडू नये म्हनून?"

"नाही लिहिलेलं. पण आजी, हे सगळ्यांनाच माहीत असतं."

"सगळ्यान्ला म्हाईत असतं तर पोरी हितं शिकायला कशाला येत्यात?"

मावशींनी त्यांच्याकडून फॉर्म घेतला, यजमानाचा अभिप्राय कुठे लिहायचा ते विचारून घेतलं, आणि उकिडव्या बसून, प्रत्येक अक्षर मनाशी म्हणत लिहिलं, 'पोरगी खरं लिहिते. नुकसान माज्या चुकीनं झालं.' इतका वेळ लागला की सरांचा चहा थंड झाला. सरांनी ते वाचलं, भिंतीवरचा एकविसावा नियम पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी सही केली. तबस्सुम पास झाली, दिवाळीनंतर गेली, आणि जाताना मावशींच्या गळ्यात पडून इतकी रडली की मावशी रागावल्या.

मार्चमध्ये मी पुन्हा करकंबला गेलो. आठ ओळी फळांनी वाकल्या होत्या. मावशींनी जेवणाचं पोतं अंथरलं ते मात्र विहिरीकडच्या ओळीत. भाकरी, शेंगाचटणी, कांदा. त्या झाडांवर फळ जवळजवळ नव्हतंच, पण पानोळा दाट होता आणि बुडाला गार होतं. फळांनी लगडलेली झाडं सोडून इथेच का, असं मी विचारलं नाही. जेवता जेवता त्याच म्हणाल्या, "तुमी सोलापुरातच ऱ्हाता. शुक्रवार पेठेत कदी जानं झालं तर पोरगी बरी हाय का नुसतं बगून या. मी इचारलं म्हनून सांगू नगा. तिला तिची कामं असत्याल." मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या ताटात चटणी वाढली.

"आनि झाडं मेली न्हाईत म्हनून सांगा. तिला त्येचंच लई भ्या वाटत हुतं."

मी दुसऱ्याच दिवशी शुक्रवार पेठेत गेलो.