चांगल्या मशीनवर लाल ठिपका

हे मी बहिणीला सांगितलेलं नाही, लेकीला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. आज सांगतेय, पण मान खाली घालून सांगणार नाही. ऐकायचं तर ऐका.

पिंपरीच्या एका कारखान्यात मी सगळी नोकरी क्वालिटीत काढली. पीस हातात घ्यायचा, मापायचा. बरोबर असला तर पुढे, चुकलेला असला तर त्यावर लाल रंगाचा ठिपका. लाल ठिपका म्हणजे भंगार. सुपरवायझर ओरडले, शिफ्टवाले विनवण्या करून गेले, पण चुकलेला पीस मी कधी सोडला नाही. आणि चांगल्यावर लाल ठिपका? छे. ते पाप तर कधीच केलं नाही. म्हणूनच आमच्या ह्यांचा माझ्या डोळ्यांवर एवढा विश्वास. "हिच्या नजरेतून खोट सुटत नाही," हे वाक्य पाहुण्यांना चहाच्या आधी ऐकवतात.

हे स्वतः टूलरूमचे. ह्यांचं काम बघायला दुसऱ्या खात्यातली माणसं जेवणाच्या सुट्टीत यायची. त्या हाताचा मला गर्व होता — होता काय, आहे. रिटायर झाल्यावर पुनावळ्यातल्या घरामागे ह्यांनी पत्र्याची शेड टाकली. व्हाइस बसला, ड्रिल आलं. राहिला बँडसॉ, धातू कापायची मोठी करवत. तोही उभाच हवा. आडव्या बँडसॉमध्ये लोखंड व्हाइसमध्ये आवळायचं आणि बाजूला उभं राहायचं, मशीन आपलं कापत बसतं. उभ्याचं तसं नाही. पात्याची लांब पट्टी टेबलातून सरळ खाली धावत असते, आणि माल आपण दोन्ही हातांनी तिच्यावर रेटायचा. वळण घ्यायचं तर हातानेच. ह्यांना वळणंच कापायची होती — पितळेचे मोर, दारावर लावायची नावं. "आडवा काय, कुणीही चालवेल," म्हणाले.

मी आडवळणाने जातेय, हे मला कळतंय. जाऊ द्या थोडं.

चाकणच्या बाहेर नवनाथ म्हणून एक जण होता, राजगुरुनगरकडचा. कंपन्यांनी काढून टाकलेली मशीन घ्यायचा, खोलून नीट करायचा, विकायचा. त्याच्याकडचा बँडसॉ मी स्वतः तपासला. गुण्या लावून पाहिला, टेबल पट्टीला अगदी काटकोनात. पट्टीला सरळ धरून ठेवणारे गाईड वर-खाली दोन्हीकडे घट्ट. वेग लोखंडाला हवा तसा धीमा — नाहीतर लाकडाचं मशीन लोखंडाचं म्हणून गळ्यात मारणारे कमी नाहीत. मशीन चोख होतं. नवनाथने एक प्लेट दिली, ह्यांनी फूटपट्टी धरून प्लेटवर रेघ मारली आणि कापायला घेतली.

हात थरथरत होता.

थोडा नाही. चांगला दिसण्याइतका. रेघ सरळ आणि काप नागमोडी. ह्यांनी मशीन बंद केलं, प्लेट माझ्या हातात दिली आणि विचारलं, "बघ गं, मशीनमध्ये खोट आहे का?"

काय बोलायला हवं होतं, हे तुम्हाला माहीत आहे. मला माहीत नव्हतं असं वाटतं का? मी म्हटलं, "खालचं गाईड तिरकं आहे."

पुढच्या रविवारी नवनाथने नवं गाईड घालून आम्हाला परत बोलावलं. परत तेच, काप रेघेपासून लांब. मी म्हटलं, "टेबल हलतंय." हे हात धुवायला बाहेर गेले तेव्हा नवनाथ जवळ आला. "काकू, तुमी सांगा, नेमकं कुठं हलतंय? मला न्हाई दिसत. मला बी शिकायला मिळंल." टोमणा नव्हता हो त्यात. खरंच विचारत होता. तेव्हा तरी बोलायचं ना? मी म्हटलं, "मला दिसतं ते मी सांगितलं." आणि पर्स उचलली.

पुढचं ह्यांनीच केलं, पण माझ्या जिवावर. जुन्या टूलरूमवाल्या मित्रांना सांगत सुटले — तो नवनाथ रिजेक्ट माल खपवतो, आमच्या हिने दोनदा बघितलाय. ह्यांचा शब्द आणि माझी नजर, शंका कोण घेणार? त्याच्याकडे जायला निघालेले दुसरीकडे गेले. तो बँडसॉ शेवटी कुणीच घेतला नाही. वजनावर भंगारात गेला. नवनाथने जागा सोडली, आता कुठल्याशा कंपनीत कंत्राटावर शिफ्ट करतो. चाकणच्या चौकात एकदा दिसला. त्यानेच आधी नमस्कार केला.

त्यानंतर आम्ही किती मशीन बघितली! भोसरीत बघितली, नवी बघितली, जुनी बघितली. सगळ्यांत मी खोट काढली. शेडमध्ये बँडसॉसाठी केलेला सिमेंटचा ओटा तसाच रिकामा आहे.

ह्यांची बोटं वाचावीत म्हणून केलं, असं म्हटलं तर तुम्ही लगेच मान डोलवाल. पण मी तसं म्हणणार नाही. त्या दिवशी मला बोटं आठवलीसुद्धा नव्हती. तो हात थरथरताना मला बघवला नाही, एवढंच. डॉक्टरला दाखवलं का? नाही. दाखवायचं तर आधी बोलावं लागतं. नवनाथची माफी मागितली? नाही. मागायची तर कारण सांगावं लागतं. मी त्याच्या पोटावर पाय दिला, डोळे उघडे ठेवून दिला, आणि उद्या ह्यांनी पुन्हा प्लेट माझ्या हातात ठेवली तर मी पुन्हा मशीनच नापास करीन. वाईट म्हणायचं तर म्हणा. मी स्वतःला कधीच म्हणून मोकळी झालेय.

परवा सकाळी दाढी करताना ह्यांच्या गालावर कापलं. ब्लेड नवं होतं, आदल्या दिवशी मीच दुकानातून आणलेलं. टॉवेल गालाला दाबून ह्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "ब्लेडच खराब आलंय." ह्या वेळी विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

मी ब्लेड काढलं, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं, तपासल्यासारखं केलं. "हो, खराबच आहे," म्हटलं, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून दिलं.