कात्री कुलपात गेली तेव्हा

शिवणकाकूंच्या हातात कात्री असली की गिऱ्हाईकसुद्धा दबकून बोलायचं. पण मध्यंतरी काकूंना सारखी भोवळ यायला लागली, चेहरा पांढराफटक पडला आणि एका वकिलाच्या कोटाला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या.

दुकानात त्यांची भागीदार म्हणजे थोरली नणंद. तिने कात्री उचलून खणात ठेवली आणि खणाला कुलूप घातलं.

"अंगात रक्त भरलं की माग. तोवर काजं-बटणं कर."

काजं-बटणं! अर्धं आयुष्य कापड कापण्यात गेलेल्या बाईला!

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून लोहाच्या आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. त्या कशा घ्यायच्या तेही सांगितलं, पण काकूंचं सारं लक्ष त्या कुलपात अडकलेलं. गोळीची चव तोंडात राहू नये म्हणून त्या ती गरम चहाबरोबर गिळायच्या. वर आणखी अर्धा कप, गोळीला सोबत म्हणून.

लोह अंगी लागतंय की नाही, हे कळायचं कसं? सांडलेल्या टाचण्या गोळा करायला दुकानात लोहचुंबक होता. तो काकू रोज सकाळी दंडाला लावून बघायच्या. चुंबक टपकन खाली पडायचा.

"अगं, तू माणूस आहेस, खिळ्यांचा डबा नाहीस," नवरा म्हणायचा.

"तुम्ही गप्प बसा. लोह ते लोह!"

आणि एका सकाळी चुंबक चिकटला! काकू तशाच, दंडावर चुंबक मिरवत, दुकानात शिरल्या. "वन्सं, काढा कात्री!"

वन्संनी चष्मा पुसला आणि चुंबक ओढला. त्याच्याबरोबर बाहीत खोचून ठेवलेल्या टाचण्या निघाल्या.

"रक्त नाही, टाचण्या वाढल्यात तुझ्या. चल दवाखान्यात."

तपासणीत रक्त होतं तिथेच.

"गोळ्या घेता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एक दिवस चुकवला नाही! सकाळी शौचाला काळंकुट्ट होतं, विचारा घरी आमच्या यांना!" काकूंनी बाहेरच्या रांगेलाही ऐकू जाईल असं सांगितलं.

"ते होतंच, घाबरू नका. घेता कशाबरोबर?"

"चहाबरोबर."

"चहात पोहायला सोडते ही," वन्सं म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, चहा लोहाला अंगी लागू देत नाही. लिंबाच्या पाण्याबरोबर घ्या. गोळीच्या आधी आणि नंतर दोन-दोन तास चहा बंद."

"दोन-दोन तास? तोवर मी करू काय?"

"काजं," वन्सं म्हणाल्या.

काकूंनी ऐकलं, पण चहाचा राग बटणांवर काढला. ती इतकी घट्ट लावली की गिऱ्हाइकांना कोटातून बाहेर यायला घरच्यांची मदत लागे. होता होता गालांवर रंग आला, जिना एका दमात चढता येऊ लागला. पुढच्या तपासणीत रक्त चांगलं वाढलेलं निघालं.

"मग गोळ्या बंद?"

"इतक्यात नाही. अजून काही महिने घ्या, साठा भरू दे."

दुकानात आल्या आल्या वन्संनी खण उघडून कात्री दिली. मग मागचं कपाटही उघडलं. आतून कापडांचा ढीगच कोसळला. एका कानाला टेकणाऱ्या कॉलरी, दोन वेगवेगळ्या माणसांचे पाय असलेली पँट, गळाच नसलेला झगा.

"हे कोणी कापलं?" काकूंनी डोळे विस्फारले.

"कोण कापणार? तू काजं करत होतीस ना!" वन्संनी मान खाली घातली. "घे बाई. तुझ्या रक्ताची वाट तुझ्यापेक्षा मीच जास्त पाहिली."