जेटीवर बसलेली मुलगी

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी सायरा मुकादम परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. पनवेलच्या या वाचनालयात त्या एकोणीस वर्षं ग्रंथपाल आहेत. पुस्तक परत करणाऱ्याने शेवटच्या पानावर चिकटवलेल्या कागदावर एका ओळीत मत लिहायचं आणि ते कुणी खोडायचं नाही, हा नियम त्यांचाच.

यंदा त्यांची स्वतःची किशोर कादंबरी आली. नायिका मोरा बंदरातली कोळ्याची मुलगी. कागदावर आतापर्यंत पाच जणांनी ‘छान’ लिहिलं होतं, पाचही ओळखीचे. आज पुस्तक परत द्यायला आली ती भावना, बारावीतली, मोऱ्याचीच. सायरा तिच्याच मताची वाट पाहत होत्या.

“कशी वाटली?”

“मॅडम, ती रोज सकाळी जेटीवर बसून स्वप्नं बघते?”

“हो.”

“त्या टायमाला आमी मासली निवडतो. मी अशी बसले तर आई पाटीच घालील डोक्यात.”

“मग तुला स्वप्नं नाहीत?”

“हायत ना. नर्सिंगला जायचंय. पण ती हात चालवता चालवता बघायची.”

सोळाव्या वर्षी सायरांच्या सकाळी मोकळ्या असत. त्याच त्यांनी कादंबरीतल्या मुलीला देऊन टाकल्या होत्या.

त्यांचा चेहरा बघून भावना म्हणाली, “ऱ्हाऊ दे, मी नाय लिहीत.”

सायरांनी पेन पुढे केलं. “नियम सगळ्यांना सारखा.”

भावनाने लिहिलं : ‘हिला घरात काहीच काम नाही.’

सायरांनी शिक्का मारला. उद्या शुक्रवार. वाचनालय साडेनऊला उघडेल आणि कादंबरी त्या ओळीसकट नव्या पुस्तकांच्या फळीवर असेल.