बाबांनी आवळलेला जोड
दाढीच्या साबणाचा वास आला की रांझीतल्या घराच्या अंगणातली आमची जुनी बस आठवते. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर बाबांनी तिच्यात पलंग, शेगडी बसवून फिरतं घर केलं होतं. नागपूरला लग्नाला निघायच्या आदल्या दिवशी पाहतो तर डावी बाजू खाली बसलेली. हवा कुठून जाते ते शोधायला बाबा चाकांवरच्या, बसचं वजन पेलणाऱ्या हवेच्या रबरी फुग्यांना दाढीच्या ब्रशने फेस लावत राहिले, बुडबुडा येईना. आई म्हणाली, "काहून फुगेच पाहून राहिले जी? हवेच्या नळीचा जोड पाहा ना." "तो मी स्वतः आवळला आहे." आईने ब्रश घेऊन जोडावर फिरवला. फेस भराभर फुगला. बाबांनी पाना उचलला. लग्नाच्या फोटोत त्यांची दाढी वाढलेली आहे. साबण संपला होता. हल्ली घरात काही गळू लागलं, की मी ब्रश आधी बायकोच्या हाती देतो.