गंज किती हाय?

"गंज किती हाय गं आज?"

खुर्चीत बसता बसता मावशींचा हा प्रश्न ठरलेला. मग बाही स्वतःच वर सारून त्या हात टेबलावर ठेवायच्या. सिल्व्हर पार्कच्या आमच्या लॅबमध्ये रक्त द्यायला येणारे बहुतेक जण सुई दिसली की मान फिरवतात. तुम्हीही फिरवत असाल. मावशी मात्र नळी भरेपर्यंत टक लावून बघायच्या.

गंज हा शब्द मीच त्यांना दिला होता. मावशी खाडीकाठच्या डोंगरी गावच्या. घरचं मिठागर होतं तोवर त्यात राबलेल्या. आमवाताने बोटं सुजलेली. त्यांच्या डॉक्टरांनी नवं औषध सुरू केलं होतं आणि ते लागू पडतंय का हे बघायला दर तीन महिन्यांनी रक्त आमच्याकडे यायचं. सांध्यातली कूर्चा झिजली की तिचे बारीक अंश रक्तात उतरतात. सुजेमुळे शरीरात ऑक्सिडेशनही वाढतं. आम्ही दोन्ही मोजायचो. हे मावशींना कसं सांगायचं? म्हटलं, "लोखंडाला गंज चढतो ना, तसं तुमच्या सांध्यांचं होतंय. किती चढला ते रक्तात कळतं."

"आमच्या मिठागरातल्या लोखंडी पावड्यासारखं," त्या लगेच म्हणाल्या. "खाऱ्या वाऱ्यात एका पावसाल्यात खलास."

पहिल्या दिवशी त्यांची शीर काही सापडेना. बाहेर रांग, आणि मी मुळात तापट. "मावशी, मूठ आवळा ना नीट! अशी कशी सापडणार शीर?" त्या दुसऱ्या हाताने एकेक बोट आत दुमडायला लागल्या. शेवटी दोनदा टोचावं लागलं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी ते विसरूनही गेले.

पुढच्या वेळी मूठ छान मिटली. त्याच्या पुढच्या वेळीही. "बघ, जमतंय आता," म्हणून त्या मूठ उंच धरून दाखवायच्या. इथून त्या डॉक्टरांकडे जायच्या. तेही मूठ बघून खूश. रक्त मात्र उलटंच सांगत होतं, गंज वाढत होता. डॉक्टरांचा फोन आला, तुमच्याकडे नळ्यांची अदलाबदल झाली असणार. इतक्या वर्षांत माझ्या हातून नळीवर चुकीचं नाव लागलेलं नाही. माझं डोकंच फिरलं. पुढच्या खेपेला मी दोन नमुने घेतले, दोन्ही तपासून घेतले. आकडे तेच.

रिपोर्ट न्यायला मावशी आल्या तेव्हा त्यांना बाजूला बसवलं. "खरं सांगा, आणखी काही औषध घेताय?"

त्या ओशाळल्या. "रगत द्यायचं असंल त्या दिवशी निघताना दोन गोल्या घेते. दुखाच्या. दुकानातून आनते."

"पण कशाला?"

"मूठ न्हाय झाली तर तुना तरास होतो ना. त्या दिवशी किती वैतागलीस."

त्या गोळीने दुखणं तेवढं काही तास गप्प बसायचं, सांधे झिजतच राहायचे आणि मिटलेली मूठ बघून डॉक्टर तेच औषध चालू ठेवायचे. माझ्या एका वाक्यापायी जवळजवळ वर्ष फुकट गेलं होतं. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी त्याच आठवड्यात औषध बदललं.

आणखी सहा महिन्यांनी आकडे खाली आले. "मावशी, गंज उतरला," मी म्हटलं.

त्यांनी बोटं टेबलावर पसरली. गाठी तशाच, वाकही तसाच. "उतरला ना? मंग झालं. पावडं वाकलंय ते वाकलंयच," म्हणून त्या हसल्या.

"माझं चुकलं, मावशी."

"तुजं काय चुकलं? सुई किती हलकी हाय तुजी."

पुढच्या तारखेला त्या आल्या नाहीत. फोन केला तर मुलाने उचलला. मावशी हृदयविकाराने गेल्या, पंधरा दिवस झाले होते.

आता बोटं सुजलेलं कुणी समोर बसलं की मी मूठ आवळायला सांगत नाही. दंडाला नेहमीसारखा पट्टा बांधते, तळहातात कापसाची मऊ गुंडाळी ठेवते आणि म्हणते, "जमेल तेवढंच धरा." मग थोडा वेळ नुसती बोटाने चाचपत राहते. शीर सापडते. तेव्हाही सापडली असती.