उलटी फिरणारी रिंग

चौकातल्या स्टुडिओवाल्याला सगळे ‘अजूनेक’ म्हणत. कितीही फोटो काढले तरी हा “हलू नका, अजून एक” म्हणायचाच. इतकी वर्षं एकाच कंपनीचा कॅमेरा त्याच्या गळ्यात होता. निजलेल्या लेकराच्या पाठीवर आईचा हात फिरावा, तशी चित्र जवळ-लांब करणारी लेन्सची रिंग त्याच्या डाव्या हाताखाली फिरायची. डोक्याला विचारायला जायची नाही. असा हात मी दुसरा पाहिलेला नाही.

यंदा कॅमेऱ्याचं शटर अडकायला लागलं. नवा घेणं आलं, आणि घरात दोन पक्ष पडले.

“आपल्याच कंपनीचा घ्यायचा,” तो म्हणे. “या तीन लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला बसत नाहीत. त्या काय माळ्यावर टाकू?”

बायको स्टुडिओत लहान मुलांचे फोटो काढी. त्याच्या मिशा पाहून मुलं भोकाड पसरत, तिच्यापुढे हसत. “तुमचा तो धोंडा माझ्या हातात मावत नाही,” ती म्हणे. “दादाचा बघा, कसा अंगठा बरोबर बसतो!”

दादा म्हणजे तिचा भाऊ. तोही फोटोग्राफर, आणि दुसऱ्या कंपनीचा भक्त. तो आपला कॅमेराच घेऊन आला. “भाऊजी, एक दिवस वापरा, मग बोला.”

नेमकी त्या दिवशी शाळेत धावण्याची शर्यत होती. पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो मोठा करून शाळेच्या दारात लागे, आणि तो दर वर्षी यानेच काढलेला असे. मुलगी वाऱ्यासारखी समोर येत होती. ती चौकटीत मावावी म्हणून याने सवयीने रिंग फिरवली. पण त्या कंपनीची रिंग उलटी फिरते. मुलगी मावण्याऐवजी अंगावरच आली. फोटोत उरला नुसता खांदा आणि वेणीचं टोक.

“बाई, मुलींना परत धावायला सांगा ना,” तो मुख्याध्यापिकांना म्हणाला. “अजून एक!”

मैदान खदखदून हसलं. बाई हसल्या नाहीत.

घरी येऊन त्याने कॅमेरा टेबलावर ठेवला तो जवळजवळ आपटलाच. “नाव काढू नका याचं! माझाच हात मला परका झाला.”

“भाऊजी, रिंगचं काय एवढं…”

“तू गप रे!”

बायको शांतपणे म्हणाली, “तुमच्या कॅमेऱ्यानं माझं मनगट रोज ठणकतं. मी सुरुवातीला फोटो घालवले तेव्हा काय म्हणाला होतात? होईल सवय. मग आता तुम्ही करा की सवय.”

कॅमेरा एकच येणार होता, हात दोघांचे होते. तिला नाही म्हणावं तर मुलांचे फोटो बंद. हो म्हणावं तर आयुष्यभर कमावलेला हात मातीत.

आठवड्यात जुना कॅमेरा, तिन्ही लेन्स दुकानात विकल्या गेल्या आणि दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा घरी आला.

परवा मी तिकडून गेलो, तर हा स्टुडिओच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या सायकली टिपत होता.

“पुन्हा उलटी फिरवली!” तो करवादला. “मेहुण्याच्या साऱ्या खानदानाला…”

“माझं माहेर येतं हं त्यात!” आतून आवाज आला.

त्याने शिवी गिळली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुढच्या सायकलीची वाट बघत बसला.